फटीचे माप

त्या पाण्यात आडोसा म्हणून काही उरला नव्हता. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला भिंत आणि मध्ये पाणी, एवढेच ते राज्य. भिंत उभी राहिली तेव्हा पाण्याखाली झाडे गेली, बांध गेले, एक विहीरही गेली, असे जुने मासे सांगत. पुढे झाडे कुजली. बांध गाळात बसले. विहीर तर अशी बुजली की ती नेमकी कुठे होती यावरून दोन म्हाताऱ्या माशांचे आयुष्यभराचे वाकडे आले होते. तळ आता सारवलेल्या अंगणासारखा सपाट झाला होता, आणि कुठूनही कुठवरही बघितले तरी नजरेला काही अडत नव्हते.

मोठ्यांना ही गोष्ट मनापासून आवडे. ते तिला मोकळेपणा म्हणत. त्या पाण्यातले सगळ्यात मोठे होते शिवडेराव, जातीने शिवडा. साडेतीन हात लांब, अंगावर एक खवला नाही, आणि तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेले. बोलणे मात्र अतिशय मऊ. "आपल्याकडे लपवाछपवी नाही," ते म्हणत. "जे आहे ते सगळ्यांसमोर." यात खोटे काहीच नव्हते. शिवडेरावांनी ज्याला ज्याला गिळले त्याला सगळ्यांसमोरच गिळले होते.

लहानांना याबद्दल कोणी विचारले नव्हते. ते घोळक्याने राहत. घोळक्याच्या मध्ये असलेला वाचे आणि कडेला असलेला जाई, म्हणून प्रत्येक जण दिवसभर मध्ये शिरायला धडपडे, आणि सगळा घोळका भोवऱ्यासारखा फिरत राही. फिरण्यात वेळ गेल्यामुळे खाणे कमी होई. खाणे कमी म्हणून वाढ कमी, आणि वाढ कमी म्हणून घोळक्यातच आणखी एक वर्ष. मोठे म्हणत की हल्लीची पोरे अंगानेच बारीक असतात.

मग एका वर्षी, पावसाळा सरून पाणी निवळायला लागले तेव्हा, वरून तीन भारे पडले. बाभळीच्या आणि बोरीच्या काटेरी फांद्या तारेने आवळून खाली धोंडे बांधलेले होते. वरचे लोक हे का टाकतात यावर खूप चर्चा झाली. कोणी म्हणाले ती घाण आहे, कोणी म्हणाले ती भेट आहे. पहिला भारा भिंतीपाशी इतक्या खोल गेला की उन्हाळ्यात तिथे श्वाससुद्धा घेता येत नसे, तेव्हा तो कोणाच्याच कामाचा नव्हता. दुसरा काठाला उथळात पडला, आणि चैत्रात पाणी उतरल्यावर त्याच्यावर कावळे बसले. तिसरा मात्र जिथे पडायला हवा होता तिथेच पडला. हे टाकणाऱ्याच्या अकलेने झाले की हात दुखल्यामुळे, ते सांगता येत नाही. या तिसऱ्या भाऱ्याला मासे काटवण म्हणू लागले.

दुसऱ्याच दिवशी काटवणात लहान मासे शिरले. आठवड्याभरात काटक्यांवर हिरवे शेवाळ धरले, शेवाळात किडे झाले, किड्यांमागून झिंगे आले. आता खायला फिरावे लागत नव्हते. ज्या फांदीमागे लपायचे तीच फांदी चाटायची. घोळका सुटला. आयुष्यात पहिल्यांदा काही लहान मासे एका जागी उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर काय करायचे असते हे त्यांना बराच वेळ कळेना.

त्यांतच गोंदी होती. ती मरळीची पोर. शेपटीच्या बुडाशी गोंदल्यासारखे तीन ठिपके, म्हणून गोंदी. मरळीची पिल्ले काही दिवस आईबापांच्या राखणीत वाढतात आणि मग एका सकाळी आईबाप नसतात. गोंदी आणि तिची भावंडे त्या सकाळीच काटवणात आली. तिच्या शेजारच्या फांदीवर भुंडा नावाचा रोहू राहत असे. भुंड्याला आई आठवत नव्हती, कारण तो डब्यातून आला होता. वरच्या लोकांनी अशी हजार पोरे एका सकाळी पाण्यात ओतली होती, आणि ती पाण्यात पडली न पडली तोच शिवडेरावांनी तोंड उघडले होते. भुंड्याची शेपटी तिथेच अर्धी राहिली. काटवण हेच त्याचे आईचे घर, बापाचे घर आणि गाव.

तिसरी राहणारी वाममावशी. ती काटवणात सगळ्यांच्या आधी आली आणि कोणाला न विचारता आली. दोरीसारखे अंग असल्यामुळे तिला कुठलीच फट अडवत नसे. ती एखादे अंडे गट्ट करते हे सगळ्यांना माहीत होते, आणि सगळ्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत होते. पण बुडालेली झाडे हिरवी असताना पाहिलेली तेवढी एकटीच उरली होती, म्हणून तिचे अंडे खपून जाई.

काटवणाला समोरून एक फट होती. तिच्यावर बोरीची एक काटकी आडवी अडकली होती. काटकीच्या वर चार बोटे वाट आणि खाली चार बोटे वाट. लहानांना तेवढी पुरे. शिवडेराव पहिल्या महिन्यात रोज येत, त्या फटीला तोंड लावून आत बघत आणि परत जात. जिथे लहान जमतात तिथे मोठे घिरट्या घालणारच, त्यामुळे हळूहळू मोकळेपणाचे सगळे चाहते काटवणाच्या भोवती राहायला आले.

शिवडेरावांनी राग दाखवला नाही. ते काटवणाबद्दल कौतुकाने बोलू लागले. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला लागत होती, आणि ती ते भेटेल त्याला सांगत. "जागा छान आहे. पण दार असं का? दार म्हटलं की ते सगळ्यांना सारखं हवं. काहींना आत घ्यायचं आणि काहींना बाहेर ठेवायचं, हा आपल्या पाण्याचा स्वभाव नाही."

लहान मासे हे ऐकून आत हसत. पण एक वर्ष गेले, आणि चांगले खाऊन काहीजण वाढले.

सगळ्यात आधी भुंडा वाढला. एका दुपारी तो कडेचे कोवळे शेवाळ चाटायला बाहेर गेला आणि पोट भरून परत येताना फटीत अडकला. मागे सरला, अंग आवळून पुन्हा घुसला आणि चार खवले काटकीवर ठेवून बाहेरच राहिला. आता त्याच्या आकाराला शिवडेरावांचेही तोंड पुरणार नव्हते. त्याला काही धोका नव्हता. पण तो रोज सकाळी फटीशी येऊन उभा राही आणि आत बघे. आतल्या मधल्या फांदीवरचे शेवाळ किती गोड असते हे तो बाहेरच्यांना सांगे.

"एकच काटकी आहे," तो गोंदीला म्हणाला. "ती काढली तर मी आत येईन. मी कोणाला काय करणार? मला दात तरी आहेत का?"

गोंदीला त्याचे वाईट वाटले. आणि खरे सांगायचे तर त्याच सकाळी ती काटकी तिच्याही पाठीला घासून गेली होती. अजून दोन महिन्यांनी भुंड्याच्या शेजारी आपणही उभ्या असू, हे तिने मनातल्या मनात मोजले होते.

सभा भरली. त्या पाण्यात कोणाला हात नव्हते, त्यामुळे मत शेपटी हलवून देत. भुंडा बोलला आणि पुष्कळांचे डोळे पाणावले. पाण्यात ते दिसले नाही एवढेच. मग शिवडेराव बोलले. त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितले नाही. ते म्हणाले, "ज्याने इथे बालपण काढलं त्याला त्याच्याच घराने बाहेर उभं करावं, हे बघवत नाही मला. माझं जाऊ द्या. या पोराचा विचार करा."

वाममावशीने गाळातून डोके वर काढले. "शिवडेराव, तुमचं बालपण कुठे गेलं?"

"मावशी, जुन्या गोष्टी कशाला?"

"त्या तिकडच्या चिंचेच्या ढोलीत गेलं. मी खालच्या मुळात राहायचे. ढोलीचं तोंड एवढंसं होतं. तुमच्या पाठीमागे एक म्हातारा शिवडा लागला होता, तो दोन दिवस बाहेर उभा होता."

शिवडेराव हसले. "बरोबर. आणि मी ती ढोली सोडून बाहेर आलो, म्हणून तर एवढा झालो. आत बसून कोणी मोठं होत नाही, मावशी."

हे वाक्य सगळ्यांना फार पटले. आत बसून मोठा झाल्यामुळे बाहेर राहिलेला भुंडा समोरच उभा होता, पण त्याच्याकडे त्या क्षणी कोणी पाहिले नाही. शेपट्या हलू लागल्या. गोंदीचीही हलली. तिने ती हलवली, असे म्हणणे जास्त खरे.

काटकी काढायला सगळे लागले. ती निसटली, गिरक्या घेत खाली गेली आणि गाळात रुतली. भुंडा आत आला. त्याने मधल्या फांदीवरचे शेवाळ चाटले आणि पहिल्या दिवशी तो नुसता रडत आणि खात राहिला. त्या दिवशी काटवणात सण होता.

दुसऱ्या दिवशी शिवडेराव अभिनंदन करायला आले आणि बाहेरूनच परत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोके आत घातले, चौकशी केली, डोके काढून घेतले. चौथ्या दिवशी ते आत आले.

उघड्या पाण्यात निदान पळता येते. काटवणात पळायला जागा नव्हती. जी दाटी लहानांना वाचवत होती तीच आता त्यांना अडवत होती, आणि शिवडेरावांना नुसते वळायचे आणि तोंड उघडायचे काम होते. पहिल्या दिवशी गोंदीची चार भावंडे गेली. शिवडेराव अघोरी नव्हते, ते फक्त जेवत होते, आणि जेवताना "बसा, बसा, गडबड करू नका" असे म्हणत होते. भुंडा एका फांदीला अंग टेकून उभा होता. त्याला कोणी काही म्हणाले नाही आणि तेच त्याला सोसत नव्हते.

गोंदीला स्वतःची शरम वाटत होती. मत देताना तिने पोरांचा विचार केला नव्हता, आपल्या पाठीचा केला होता. ती वरच्या काटक्यांत अंग चोरून होती. तेवढ्यात नखाएवढे एक पिल्लू घाबरून तिच्या गळ्याखाली शिरले आणि तिला बिलगले. आणि गोंदीचे तोंड उघडले.

तिने ते उघडले नव्हते. ते आपोआप उघडले होते. आजवर ती झिंगे खात आली होती, किडे खात आली होती, आणि आपण दुसरे काही खाऊ शकतो हे तिला कोणी सांगितले नव्हते. पिल्लू आणखी जवळ सरकले. गोंदीने तोंड मिटले आणि मोठ्या कष्टाने मिटलेले ठेवले. त्या घटकेला तिला शिवडेराव कळले. ते आत आले यात त्यांचा कपटीपणा थोडा होता आणि भूक पुष्कळ होती. त्यांना चार शब्द सुनावून उपयोग नव्हता, विनवूनही नव्हता, आणि काही दिवसांनी तिला स्वतःला विनवूनही नसता. उपयोग होता तो फक्त काटकीचा.

ती वाममावशीकडे गेली आणि झालेले सगळे सांगितले, तोंड उघडल्याचेसुद्धा.

"होणारच ते," मावशी म्हणाली. "तू मरळ आहेस. मग आता?"

"दुपारी उन्हाने इथलं पाणी तापतं. शिवडेराव गारव्याला भिंतीच्या सावलीत जातात. ते यायच्या आत काटकी परत लावायची."

"पुन्हा सभा घ्यावी लागेल."

"सभेला जे येतील तेच कमी होतायत, मावशी. आधी काटकी लावू."

पहिल्या दुपारी काटकी गाळातून उकरण्यातच वेळ गेला. शेपट्यांनी गाळ उडवून उडवून पाणी गढूळ झाले, आणि काटकीचे टोक दिसले तोच शिवडेराव परत आले. त्या संध्याकाळी सात गेले. दुसऱ्या दुपारी वाममावशीने काटकीला वेढा घातला आणि मागे मागे सरकत ती फटीपर्यंत ओढली. पण ती अडकून बसेना. सगळ्यांनी सोडली की खाली घसरे. त्या संध्याकाळी पाच गेले, आणि त्यात गोंदीच्या गळ्याखाली शिरलेले ते पिल्लूही होते. गोंदीने ते पाहिले. ती वरच्या काटक्यांत तशीच थांबली. दुसरे काही करण्यासारखे नव्हते, आणि याचा तिला जन्मभर त्रास झाला.

तिसऱ्या दुपारी भुंडा बोलला. तीन दिवसांत पहिल्यांदा. "ती आतून बसणार नाही. बाहेरून ठोकली पाहिजे. ठोकायला माझ्याएवढं कोणीतरी लागेल."

"बाहेरून ठोकलीस तर तू बाहेर राहशील," गोंदी म्हणाली.

"ते आलं लक्षात."

तो मधल्या फांदीजवळ एकदा जाऊन आला. शेवाळाला त्याने तोंड लावले नाही. मग बाहेर गेला, मावशीने काटकीचे एक टोक बाभळीच्या बेचक्यात धरले, आणि भुंड्याने लांबून येऊन दुसऱ्या टोकावर डोके आपटले. तीनदा आपटले. तिसऱ्या वेळी काटकी बेचक्यात बसली.

"बघा बरं, घट्ट आहे का," आतून कोणीतरी म्हणाले.

भुंड्याने फटीत डोके घालून पाहिले. जाईना. आत आनंद झाला. पण गोंदीला ते पुरेसे वाटेना.

"हे माप खरं नाही," ती म्हणाली. "भुंड्याला आत यायचं नाहीये आता. तो जोर लावणार नाही. ज्याला यायचं आहे त्याच्या डोक्याने माप घ्यायला हवं."

"मग शिवडेरावांना बोलवायचं का?" एक जण म्हणाला.

"नको. मी आहे."

ती दोन दिवस जेवली नव्हती. ती बाहेर गेली, काटकीच्या वरच्या वाटेने, पाठीचे दोन खवले देऊन. हे शेवटचे, हे तिला जाताना माहीत होते. ती बाहेर पडताच भुंड्याने सरकलेली काटकी पुन्हा ठोकली, आणि गोंदी वळली. आत फटीपाशी नखाएवढी पोरे दाटून उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. गोंदीने आतली भूक अडवली नाही. पहिल्यांदाच तिने ती पूर्णपणे येऊ दिली. आणि मग ती फटीवर चालून आली.

पोरे किंचाळून मागे सरली. काटकी वाकली. गोंदीचे डोके डोळ्यांपर्यंत आत गेले.

"फट मोठी आहे," ती दात आवळून म्हणाली. "आणखी एक बोट. भुंड्या, ठोक."

भुंड्याने ठोकली. ती पुन्हा आली. या वेळी जबडा आत गेला आणि डोळा बाहेर राहिला. भुंड्याने पुन्हा ठोकली. मावशी आतून बेचक्यात बारीक काटे कोंबत होती. पाचव्या वेळी गोंदी आली तेव्हा नुसते ओठ टेकले आणि ती मागे फेकली गेली. ओठातून रक्त आले.

"हं," ती म्हणाली. "आता बरोबर."

शिवडेराव गारव्याहून परतले तेव्हा ऊन उतरले होते. ते सवयीने सरळ फटीत गेले आणि त्यांचे नाक काट्यावर आदळले. ते थोडे मागे झाले. त्यांनी काटकी पाहिली, भुंड्याला पाहिले, मग गोंदीला. त्यांच्या आवाजातला मऊपणा तसूभरही कमी झाला नाही.

"पोरी, तू बाहेर आलीस तर. वाढलीस. मला वाटलंच होतं." ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, दोघेही फटीकडे तोंड करून. "आता तू आणि मी एका बाजूला."

"हो, शिवडेराव."

"तुला भूक लागली आहे. मला कळतं ते. मध्ये फक्त एक काटकी आहे, त्यांच्यात आणि आपल्यात. दोघांनी मिळून ओढली तर किती वेळ लागणार?"

"फार नाही."

"मग?"

"म्हणूनच मी तिला आधी धडकून पाहिलं. तुम्ही किती जोर लावाल ते मला माहीत आहे. तेवढाच मी लावला."

शिवडेरावांनी एकदा मनापासून जोर लावून पाहिला. काटकी हलली नाही. "आपल्या पाण्याचा स्वभाव बदलला," असे म्हणून ते उघड्या पाण्याकडे निघून गेले, आणि तिथे मोठ्या झिंग्यांवर आणि बेसावध कटल्यांवर त्यांचे पुष्कळ बरे चालले. त्यांना उपाशी ठेवावे असे कोणाच्याच मनात नव्हते.

त्यानंतर सभा भरली. या वेळी ती काटवणाच्या आतच भरली, म्हणजे ज्यांना आत मावता येत होते त्यांचीच. भुंडा आणि गोंदी बाहेरून ऐकत होती. तिथे ठरले ते असे: फट रोज मोजायची. मोजणारा बाहेरचा हवा, आत येण्याची इच्छा असलेला हवा, आणि मोजण्याआधी त्याने दोन वेळचे जेवण सोडलेले हवे. हे तिसरे कलम गोंदीने सुचवले होते. भरल्या पोटी जोर येत नाही, ती म्हणाली, आणि लाज येते.

पुढच्या पावसाळ्यानंतर वरून आणखी भारे पडले. ते का टाकतात यावर अजून चर्चा होते. "हेतू त्यांचा त्यांच्यापाशी," वाममावशी म्हणाली. "फटी आपल्या." प्रत्येक भाऱ्याच्या फटी बघून काटे कोंबले गेले, आणि प्रत्येक भाऱ्याला एक मापाडी नेमला गेला. ज्या भाऱ्यातून जो वाढून बाहेर पडे, त्यालाच बहुतेक हे काम मिळे. लहान मासे एका जागी उभे राहून खाऊ लागले, आणि हल्लीची पोरे अंगाने बारीक असतात हे म्हणणे हळूहळू बंद झाले. भुंडा काटवणाबाहेरच राहतो. आतली पोरे मधल्या फांदीवरचे शेवाळ ओरबाडून त्याला फटीतून देतात. तो म्हणतो पूर्वीसारखी गोडी राहिली नाही, आणि सगळे खातो.

गोंदी आता हातभर झाली आहे. तिला स्वतःची पिल्ले आहेत, ती एका नव्या भाऱ्यात असतात. तिथे दुसरी कोणीतरी माप घेते, आणि गोंदी त्या बाजूला मुद्दाम जात नाही.

सकाळी ऊन पाण्यात उतरले की ती काटवणाशी येते. पोरे फटीमागे रांगेने उभी असतात. ती आधी तिचे पोट बघतात. एकदा ते जरा गोल दिसले तर त्यांनी तिला परत पाठवले होते. "आत्या, जेवून आलात. उद्या या." ती मुकाट्याने गेली होती.

एका सकाळी पोट सपाट होते. ती आली, पहिल्या फटीला डोके लावून तिने धडक दिली आणि मागे झाली.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

आतून एक नखाएवढी पोर पुढे आली. तिने काटकी निरखून पाहिली, मग गोंदीच्या तोंडाकडे पाहिले.

"आत्या, आज जोर कमी होता."

गोंदीने नाही म्हटले नाही. ओठाची जुनी जखम रात्रीपासून ठणकत होती आणि तिने अंग राखले होते. ती चार हात मागे गेली. तिथून तिने त्या पोरीकडे नीट पाहिले, भूक लागलेली मरळ पाहते तसे पाहिले, आणि मग सगळे अंग एकवटून ती आली.

काटकी थरथरली आणि जागेवर राहिली. तिच्यावरचे शेवाळ सुटून पाण्यात हिरवे कण उडाले. पोरीने ते एकेक करून टिपले, आणि गोंदी पुढच्या फटीकडे वळली.